साठ शब्दांची यादी

शब्द निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण त्या मीटिंगला मी गैरहजर होते. आमचा गट लहान आहे. सिंगापूरच्या हौगांग भागातली वीस-बावीस मराठी कुटुंबं आणि आमच्यासारखी दोन-तीन वुडलँड्सहून येणारी. दिवाळीचा कार्यक्रम ठरवायला सगळे जमले त्या रविवारी मी तापाने पडून होते. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींचा फोन आला.

"वहिनी, यंदा अंताक्षरी नाही. गेम शो करतोय. शब्द तुम्ही काढायचे."

त्यांनी यूट्यूबवर कुठलासा जुना अमेरिकन कार्यक्रम पाहिला होता. दोन जोड्या, प्रत्येक जोडीत एक नामवंत आणि एक साधासुधा माणूस. नामवंताला चिठ्ठीवर एक शब्द दाखवायचा. त्याने तो शब्द न उच्चारता दुसरा एकच शब्द बोलायचा आणि त्यावरून जोडीदाराने मूळ शब्द ओळखायचा. नाही जमलं तर संधी दुसऱ्या जोडीला. हातवारे करायचे नाहीत, वाक्य बोलायचं नाही.

"नामवंत कुठून आणणार?" मी विचारलं.

"आहेत की दोन."

एक नामवंत मला माहीत होता. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत शेवटच्या पाचांत आलेला एक तरुण आमच्याच गटात होता. आता तो इथे इंजिनीअर आहे आणि गाणं फक्त गणपतीत म्हणतो. दुसऱ्या मात्र खरोखरच्या नामवंत होत्या. चाळीस वर्षं नाटकं केलेल्या आणि अलीकडे मालिकांमध्ये खाष्ट सासू झालेल्या एक अभिनेत्री तीन महिन्यांसाठी जुरोंग ईस्टला मुलाकडे राहायला आल्या होत्या. त्यांना सगळे ताई म्हणायचे. जो जिंकेल त्याच्या घरी ताई जेवायला येणार, हेच बक्षीस.

"फक्त एक करा," सेक्रेटरी म्हणाले. "यादी कुणाला दाखवू नका. मलाही नको आणि तुमच्या मिस्टरांनाही नको."

मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यावर माझं पोट चालतं. तीन आठवडे मी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, उभ्याउभ्या शब्द जमवले. सावली, उचकी, ठिगळ, कंटाळा, चिमटा, अबोला, गुदगुल्या. घरी आले की लॅपटॉपवरच्या फाइलमध्ये ते भरायचे. किती वर्षांनी मराठीत असं काही करत होते, त्यामुळे मजा येत होती. साठ शब्द झाले. लॅपटॉपचा पासवर्ड लेकीचा वाढदिवस होता. त्यात काही वावगं आहे असं मला तेव्हा वाटलं नाही.

लेक तेव्हा अकरा वर्षांची होती. शाळा इथली, दुसरी भाषा हिंदी. घरी आम्ही मराठी बोलतो आणि ती इंग्रजीत उत्तर देते, वाक्याच्या शेवटी इथल्या लोकांसारखं लाह लावून. आदल्या वर्षीच्या दिवाळीत काय झालं ते इथे सांगायलाच हवं. कुणीतरी मुलांच्या तोंडासमोर माइक धरून प्रश्न विचारत होतं. हिला विचारलं, "पुण्याची आजी सकाळी काय करते?" आजी रोज चालायला जाते असं तिला सांगायचं होतं. ती म्हणाली, "माझी आजी खूप चालू आहे."

सगळा हॉल हसून लोटपोट झाला. पुढे कितीतरी महिने लोक भेटले की तिला विचारायचे, "काय गं, आजी अजून चालू आहे का?" ती तोंड वाकडं करून निघून जायची. मला वाटलं, विसरेल.

त्यामुळे या वर्षी खेळासाठी नावांच्या चिठ्ठ्या जमा करताना तिने आपण होऊन चिठ्ठी टाकली तेव्हा मला नवल वाटलं. एका बाजूला मोठ्यांपैकी एक, दुसऱ्या बाजूला मुलांपैकी एक, असं ठरलं होतं. मुलांच्या पाचच चिठ्ठ्या आल्या आणि त्यातून तिचं नाव निघालं. मोठ्यांमधून निघाला आमच्यातला पोस्टडॉक मुलगा, पीएचडीनंतर इथल्या विद्यापीठात संशोधन करणारा, एकटा राहणारा, अबोल, पण मराठी अस्खलित. सगळे म्हणाले, झालं, निकाल लागला.

कार्यक्रम सकाळी होता, हौगांगच्या एका ब्लॉकखाली. इथे इमारतींचा तळमजला मोकळाच असतो, व्हॉइड डेक म्हणतात त्याला. तिथे प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या, दोन मोठे पंखे लावले. भाजीच्या पिशव्या घेऊन परतणारे चिनी काका-काकू जरा थांबून बघायचे आणि लिफ्टकडे वळायचे. नामवंतांना चिठ्ठी दाखवायचं काम माझं होतं, म्हणून मी अगदी खेळणाऱ्यांच्या जवळ उभी होते. ताई लेकीच्या जोडीदार, गायक पोस्टडॉकचा.

पहिला शब्द उचकी. गायक म्हणाला, "आठवण." पोस्टडॉक क्षणभर थांबला आणि हसून म्हणाला, "उचकी." टाळ्या पडल्या. मग सावली आला. गायकाने "ऊन" दिलं, पोस्टडॉकने "घाम" म्हटलं. ताईंनी "झाड" दिलं, लेक म्हणाली, "सावली." मला इतका आनंद झाला की पुढची चिठ्ठी हातातून पडली.

तिसरा शब्द ठिगळ. ताई म्हणाल्या, "फाटकं."

"ठिगळ."

ठिगळ हा शब्द आमच्या घरात कधी उच्चारला गेल्याचं मला आठवेना. तिचे कपडे फाटले तर आम्ही टाकून देतो. चौथा शब्द कंटाळा. ताई म्हणाल्या, "जांभई." जांभईवरून कुणीही झोप म्हणेल. ती म्हणाली, "कंटाळा." लोक ओरडायला लागले. पाचवा शब्द अबोला. ताईंनी चिठ्ठी वाचली, भुवया उंचावल्या, जरा विचार केला आणि म्हणाल्या, "भांडण."

"अबोला," लेक म्हणाली. ताईंचं तोंड मिटायच्या आत.

कुणीतरी शिट्टी मारली. भांडण म्हटल्यावर राग येईल, मारामारी येईल, शिवी येईल. अबोला मलासुद्धा आला नसता. पोस्टडॉकने वळून लेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी चिठ्ठ्यांकडे बघत राहिले. दहापैकी सात शब्द तिने ओळखले. सेक्रेटरींनी माइकवरून जाहीर केलं, "इंग्लिश मीडियमच्या मुलांना मराठी येत नाही म्हणणाऱ्यांना हे उत्तर!" लेक ताईंच्या शेजारी उभी होती. फोटोत ती हसत नाहीये, हे मी नंतर पाहिलं.

ताई पुढच्या रविवारी जेवायला येणार होत्या. मधले सहा दिवस माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. घरी पोचल्या पोचल्या मी लॅपटॉप उघडला. फाइल शेवटची कधी उघडली ते दिसत होतं, पण चिठ्ठ्या छापायला मीच ती उघडली होती, त्यातून काही कळेना. नवऱ्याला म्हटलं, "तिला ठिगळ कसं आलं असेल?"

"कानावर पडलं असेल. तू टेस्टरसारखी वागू नकोस. पोरगी जिंकली, आनंद मान."

मी आनंद मानायचा प्रयत्न केला. सोमवारी स्टेशन चुकून दोन स्टेशनं पुढे गेले. मंगळवारी भाजी चिरता चिरता सहज विचारल्यासारखं विचारलं, "चिमटा म्हणजे काय गं?"

"दॅट थिंग फॉर हॉट चपाती. ऑल्सो पिंच."

"आणि उसनं?"

"बॉरो लाह. व्हाय यू टेस्टिंग मी?" ती वहीतून वर न बघता म्हणाली.

सगळे अर्थ तिला येत होते. मग मला वाटायचं, उगीच संशय घेतेय, मुलं कुठून काय उचलतात कळतं का. दहा मिनिटांनी पुन्हा तेच, ताईंच्या तोंडातून भांडण निघतं न निघतं तोच आलेला अबोला. गुरुवारी ती अंघोळीला गेली तेव्हा मी तिचं दप्तर मांडीवर घेतलं, चेनला हात लावला आणि परत जागेवर ठेवून दिलं. सापडलं असतं तर काय करणार होते ते मलाच माहीत नव्हतं. लोकांचे मेसेज येत होते, घरी काय करता, कोणती पुस्तकं वाचून घेता. एकीने तर माझ्या मुलालाही शिकवाल का म्हणून विचारलं. मी अंगठा पाठवला.

रविवारी ताई आल्या. मुलाने त्यांना खाली सोडलं आणि त्या एकट्याच लिफ्टने वर आल्या. साधा कॉटनचा ड्रेस, हातात फळांची पिशवी. मालिकेतली खाष्ट सासू हीच का, असा प्रश्न पडावा इतक्या मऊ बोलत होत्या. मी भरली वांगी, कोशिंबीर, वरण-भात केला होता. नवरा आणि लेक बाहेर पानं मांडत होते. मी पुऱ्या तळत होते आणि ताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या.

"तुझ्या मुलीचं पाठांतर छान आहे हं," त्या म्हणाल्या.

मी झाऱ्या तसाच धरून राहिले. "पाठांतर?"

"चाळीस वर्षं मी समोरच्याच्या वाक्यानंतर वाक्य बोलत आले आहे. पाठ असलेलं वाक्य जरा लवकर येतं. समोरच्याचं संपायच्या आधीच ते तोंडाशी येऊन थांबलेलं असतं."

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"तिसऱ्या शब्दाला."

"मग बोलला का नाहीत?"

ताई खुदकन हसल्या. "अगं, मीही जिंकत होते ना! जिंकायला कुणाला आवडत नाही? घरी गेल्यावर मात्र मला त्या दुसऱ्या मुलाचा चेहरा आठवायला लागला. कार्यक्रमाच्या आधी तो मला भेटला होता. त्याची आई माझी मालिका रोज बघते म्हणे, सोलापूरला. मी जिंकलो तर तुम्ही जेवायला याल तेव्हा आईला व्हिडिओ कॉल लावेन, म्हणाला."

पुरी करपली. ताईंनी पुढे होऊन गॅस बारीक केला. "मी काही सांगायला आले नाही. आल्यापासून तू मला तीनदा मीठ ठीक आहे का विचारलंस, आणि मी अजून एक घासही खाल्लेला नाही. म्हणून म्हटलं."

जेवताना लेक त्यांच्या शेजारी बसली होती. ताईंनी तिला रंगमंचावर उंदीर आल्याचा किस्सा सांगितला, ती पोट धरून हसली.

ताई गेल्यावर मी लेकीला म्हटलं, "चल, जरा पाण्याकडे जाऊन येऊ." आमच्या घरापासून समुद्रकाठ लांब नाही. पलीकडे मलेशियातलं जोहोर दिसतं, पुलावर गाड्यांची रांग असते. उन्हामुळे तिथे फारसं कुणी नव्हतं. बाकावर बसल्यावर मी सरळ विचारलं, "यादी बघितली होतीस?"

ती पायांकडे बघत म्हणाली, "यू व्हेरी स्लो, आई. आय थॉट यू विल आस्क सेम डे."

मग सगळं बाहेर आलं. दुपारी शाळेतून आल्यावर आम्ही दोघंही ऑफिसात असायचो. तिने फाइल उघडली आणि साठही शब्द गणिताच्या वहीच्या मागे उतरवले. देवनागरी तिला हिंदीमुळे येतेच. रोज पाच-सहा शब्द घेऊन ती पुण्याला माझ्या आईला फोन करायची. ठिगळ म्हणजे काय, अबोला म्हणजे काय. आजीला वाटलं नातीला मराठीची गोडी लागली. अबोला सांगताना आजीने आपण एकदा आजोबांशी सबंध श्रावण बोललो नव्हतो तेही सांगितलं. हे मला कधीच माहीत नव्हतं.

"पण तुझं नाव निघेल हे तुला काय माहीत?"

"डोन्ट नो लाह. इन केस." तिचा आवाज चिरकला. "मला जिंकायचं नव्हतं. कोणी हसायला नको होतं, दॅट्स ऑल."

"अगं, लोक प्रेमाने हसले होते—"

"यू ऑल्सो लाफ्ड. यू लाफ्ड द मोस्ट."

मी हसले होते. इतकी, की डोळ्यांतून पाणी आलं होतं आणि शेजारणीच्या खांद्यावर डोकं टेकलं होतं. ती माइकपाशी उभी राहून माझ्याकडे बघत होती, हेही आता आठवलं. मी म्हटलं, "चुकलं माझं." मी तिला जवळ घ्यायला गेले तर तिने अंग चोरलं. थोड्या वेळाने आपणच टेकली.

"त्या दादाला सांगावं लागेल," मी म्हणाले.

"देन एव्हरीबडी विल लाफ अगेन!" ती रडायलाच लागली. "ग्रुपवर नको. प्लीज. ग्रुपवर नको."

मी कबूल केलं. ग्रुपवर नाही, पण सेक्रेटरींना आणि त्या मुलाला सांगायचं.

सेक्रेटरींनी फोनवर पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "अहो वहिनी, खेळ होता तो! सोडून द्या. उलट यादी सुरक्षित न ठेवल्याबद्दल लोक तुम्हालाच बोलतील." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. फोन ठेवल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं, तसं काही झालं नाही.

शनिवारी सकाळी आम्ही दोघी हौगांगला गेलो. पोस्टडॉक एका फ्लॅटमध्ये खोली भाड्याने घेऊन राहतो. मी आधी मेसेज केला होता, कारण सांगितलं नव्हतं. बसमध्ये लेक ओठ हलवत होती, पाठ करत होती. त्याने दार उघडलं तशी ती उंबऱ्याबाहेरच उभी राहून म्हणाली, "दादा, मी यादी आधी बघितली होती. तुम्ही जिंकायला पाहिजे होतं. सॉरी."

मला वाटलं होतं तो हसून सोडून देईल, काय हे, लहान आहेस, वगैरे. तो तसं काही म्हणाला नाही. दाराला धरून उभा राहिला. "मला शंका आली होती," तो म्हणाला, आणि मग माझ्याकडे वळून, "वहिनी, खरं सांगू का? मला वाटलं, माझंच मराठी चाललं. आठ वर्षं झाली घर सोडून. दिवस दिवस मी मराठीत एक वाक्य बोलत नाही. एवढीशी मुलगी माझ्यापेक्षा पटकन ओळखते म्हटल्यावर मी आठवडाभर तेच चघळत होतो."

मी माफी मागितली. यादी माझ्या ताब्यात होती, तेव्हा चूक माझी, असं म्हटलं. त्याने मान डोलावली. आत बोलावलं नाही, पण दारही लावलं नाही. लेक खाली बघत होती. शेवटी त्यानेच तिला विचारलं, "साठही पाठ केलेस?"

"सिक्स्टी."

"सगळ्यांत अवघड कोणता?"

तिने विचार केला. "उसनं. बिकॉज आजी कीप्स चेंजिंग द एंडिंग. उसना, उसनी, उसनं."

"मग या आत. उभ्याने काय बोलायचं," तो म्हणाला.

खोलीत एकच खुर्ची होती. आम्ही दोघी पलंगावर बसलो. त्याने काळा चहा केला, दूध नव्हतं. त्याच्या आईची गोष्ट मी काढली तेव्हा तो संकोचला. ताईंचं परतीचं विमान गुरुवारीच होतं, त्या मुंबईला पोचल्याही होत्या. मी त्या खोलीतूनच त्यांना मेसेज लिहिला. दोन दिवसांनी त्यांनी सोलापूरला फोन केला. पोस्टडॉकने मला नंतर सांगितलं, आई वीस मिनिटं बोलली, आणि त्यातली एकोणीस मालिकेतल्या सुनेच्या तक्रारी होत्या. मुलगा सिंगापूरला असतो हे सांगायचंच ती विसरली.

इथे हे संपायला हवं होतं. पण गटात लेकीचं कौतुक थांबेना. कुणाच्या घरी गेलो की तिला शब्द विचारायचे, ही बघा आमची मराठीची चॅम्पियन. ती माझ्याकडे बघायची आणि मी विषय बदलायचे. मी वचन दिलं होतं म्हणून गप्प होते आणि त्या गप्प बसण्याचा मला फायदाही होत होता, कारण कौतुक माझंही होत होतं.

मागच्या महिन्यात मी आणि लेक हौगांगच्या बाजारात गेलो होतो, तिथे गटातल्या एक काकू भेटल्या. मासेवाल्यासमोर उभ्या राहून त्या म्हणाल्या, "तुमच्या लेकीचा व्हिडिओ मी माझ्या बहिणीला पाठवला, नागपूरला." लेक बारा वर्षांची झाली आहे, माझ्या खांद्याला लागते. बसमध्ये बसल्यावर ती म्हणाली, "आई, टेल देम लाह."

"तूच नको म्हणाली होतीस."

"दॅट वॉज लास्ट इयर."

मी फोनवर गटाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपसाठी चार ओळी लिहिल्या. तिने वाचल्या. "माझ्या मुलीने लॅपटॉपमधली यादी पाहिली" याच्याआधी मी "नकळत" असा शब्द घातला होता, त्याचा अर्थ तिने विचारला. मी सांगितला. ती म्हणाली, "नकळत नाही. काढ ते." मी काढलं आणि मेसेज पाठवला.

मग मी फोनकडे बघत बसले. सात जणांनी वाचलं, मग बारा जणांनी. कुणी काही लिहिना. आमचा स्टॉप आला, गेला, पुढच्या स्टॉपवर उतरून आम्ही उलट चालत आलो. लिफ्टपाशी पहिलं उत्तर आलं, पोस्टडॉकचा नमस्काराचा हात. मग एक हसरा चेहरा.

"हसलं ना कोणीतरी? हू?" लेकीने विचारलं.

"बाजारातल्या काकू."

"शी लाफ्स अॅट एव्हरीथिंग," ती म्हणाली आणि लिफ्टचं बटण दाबलं.

त्यानंतर सेक्रेटरींचा मेसेज आला, पुढच्या रविवारी पोहे कोण आणणार आहे. त्याला पाच मिनिटांत अकरा उत्तरं आली. जेवण होईपर्यंत मी आणखी सहा-सात वेळा फोन उघडून पाहिला. माझ्या चार ओळी पोह्यांच्या वर कुठेतरी निघून गेल्या होत्या. लेक तोवर दार लावून अभ्यासाला बसली होती.